उजवी कड

"मारुतराव, ह्यो टायर कुणाचा?"

दस्तगीर नदाफनं माझ्या गाडीचं मागचं चाक काढून मांडीवर आडवं घेतलं होतं. ओला अंगठा टायरवरून फिरवत तो एकेक इंच तपासत होता.

"कुणाचा म्हंजे? माझाच की."

"मीच घातलेला?"

"तूच. दुसऱ्या कुणाकडं कवा गेलोय मी?"

"मग कायतरी घोळ हाय," तो म्हणाला आणि चाक फिरवून पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला.

मी आतून फुललो. आलो होतो पंक्चर काढायला, पण खरं तर आठवडाभर या क्षणाची वाट बघत होतो. "मीटर बघ की. बावीस हजार पळालाय. बावीस! तालुक्यात दुसऱ्या कुणाचा पळालाय काय, दाखव."

टायर किती टिकला यात फुशारकी कसली, असं ज्याला वाटेल त्यानं कधी आठवडी बाजार केलेला नाही. मी तेव्हा पाच बाजार करत होतो. नेसरी, हलकर्णी, महागाव अशी गडहिंग्लजच्या आजूबाजूची पाच गावं, आठवड्यातले पाच दिवस. धणे, जिरं, खोबरं, तीळ, दगडफूल आणि संकेश्वरी मिरची. माल मोटारसायकलवर, मी मोटारसायकलवर आणि बायकोही मोटारसायकलवर. असल्या गाडीचा मागचा टायर दहा महिन्यांत झिजून गुळगुळीत गोटा व्हायचा. अकरा हजार, फार तर बारा. आणि दर वेळी मी दस्तगीरशी भांडायचो, की तू शिळा माल माझ्या गळ्यात मारलास.

शेवटी त्यानं त्यावर इलाज काढला होता. टायरच्या कडेवर बारीक चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते तो गिऱ्हाइकाला मोठ्यांदा वाचून दाखवायचा. मग टायर चढवण्याआधी आतल्या बाजूला पिवळ्या ऑइलपेंटनं आडनाव, तारीख आणि मीटरचा आकडा लिहायचा. पुढं कुणाची जीभ चालायला नको.

आता त्यानं तेच केलं. पट्टी घालून टायरची एक कड उचलली, आत डोकावला. पिवळ्या अक्षरात 'येसादे' आणि खाली आकडा. त्यानं बोटांवर वजाबाकी केली.

"बरोबर हाय. बावीस हजार."

"मग म्हण की शाब्बास."

तो शाब्बास म्हणाला नाही. नक्षीच्या खोबणीत मध्येच रबराचा एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली, की टायर संपला असं समजायचं. तो उंचवटा त्यानं मला दाखवला. "संपलाय. ह्याच्यावर आता पळवू नका. आजऱ्याच्या वळणावर घसरून पडलासा तर माझं नाव घेशीला." आणि मग सहज विचारल्यासारखं, "वैनी कशा हायत?"

"बरी हाय की. परवाच्या बाजाराला हुती."

हे साफ खोटं होतं. शालनला जाऊन एकोणीस महिने झाले होते.

जाऊन म्हणजे पुण्याला. आमच्या रणजितची बायको बाळंत होणार होती म्हणून शालन दोन महिन्यांसाठी गेली. बाळ झालं, नातू. दोन महिन्यांचे चार झाले, कारण सुनेची रजा वाढली. मग चाराचे आठ झाले, कारण सुनेची रजा संपली. बाळाला कोण बघणार? आजी असताना पाळणाघर कशाला? सगळं बरोबरच होतं. कुणाचंच काही चुकत नव्हतं, त्यामुळं मला कुणावर रागवताही येत नव्हतं.

ती जायच्या आदल्या दिवशी मी गाडीला हा नवा टायर घालून घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवरून तिला एसटी स्टँडवर सोडलं. खिडकीतून ती म्हणाली, "गोळी इसरू नका." मी म्हणालो, "जा तू, माझं काय आडत न्हाई." हा माझा स्वभाव. उभ्या आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नाही, याचा मला फार अभिमान होता.

आणि माझं काही अडलंही नाही. फक्त बाजारात मी तागडी धरायचो आणि शालन गिऱ्हाइकाशी बोलायची, ते बोलणं बंद पडलं. दुपारी लघवीला जायचं तर शेजारच्या कासाराला दुकानाकडं लक्ष ठेवायला सांगावं लागायचं. दाराला बाहेरून कुलूप घालायची सवय नव्हती, त्यामुळं पहिल्या महिन्यात तीनदा किल्ली आतच राहिली. आणि संध्याकाळी बाजार उठवून परत येताना मी अर्धी मान मागं वळवून म्हणायचो, "आज खोबऱ्याचा भाव लईच पडला बघ." मागून उत्तर यायचं नाही. मग आठवायचं. हे एकदोनदा झालं असतं तर हसून सोडून दिलं असतं, पण ते वर्षभर होत राहिलं. पुढं पुढं तर मला आठवत असायचं आणि तरीही मी बोलायचो.

रोज रात्री आठला तिचा फोन यायचा.

"जेवलासा?"

"जेवलो."

"गोळी?"

"घेतली."

"बरं. ठेवते मग."

एवढंच. ती कधी येते म्हणाली नाही, मी कधी ये म्हणालो नाही. बाजारात लोक विचारायचे, वहिनी दिसत नाहीत? पहिल्यांदा मी म्हणालो, पुढच्या महिन्यात येतेय. पुढचा महिना उलटला. मग म्हणायला लागलो, परवाच येऊन गेली. नंतर नंतर तर मी गावागावाप्रमाणं तिला हजर ठेवायला लागलो. नेसरीत म्हणायचो ती महागावला होती, महागावात म्हणायचो नेसरीला होती. दस्तगीरलाही तेच सांगितलं, त्याच सराईतपणानं.

त्यानं चाक खाली ठेवलं आणि कोपऱ्यातली काठी घेऊन बाहेर गेला. त्याच्या दुकानाचं छप्पर पत्र्याचं. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून त्यानं वर जुने टायर टाकून ठेवले होते. काठीनं चाचपत त्यानं एकएक टायर कडेला ओढला, आत वाचलं, परत ढकललं. चौथा टायर त्यानं खाली पाडला. धुळीनं माखलेला, आत पिवळं 'येसादे'.

"ह्यो तुमचा मागचा. आता ह्याच्यावर हात फिरवा."

मी फिरवला. डावीकडं नक्षी बऱ्यापैकी शाबूत होती. उजवी कड मात्र साफ, आरशासारखी गुळगुळीत.

"आता ह्येच्यावर."

नुकताच काढलेला टायर. मधोमध झिजलेला, सरळ पट्ट्यात. दोन्ही कडा सारख्या. उजव्या कडेला तर नक्षीच्या टोकाला नवेपणाचे केसही राहिले होते, रबराचे ते बारीक केस.

"काय समजलं?" दस्तगीरनं विचारलं.

"तूच सांग. तुझा धंदा हाय."

"वैनी एका अंगाला बसायच्या. दोन्ही पाय डावीकडं सोडून, मांडीवर पिशवी. खरं का न्हाई? मग गाडी डावीकडं झुकाय बघती. तिला सरळ ठेवायची तर चालवणाऱ्यानं उजवीकडं दाबून धराय लागती. तुम्ही तशी धरायचा. म्हणून दर टायमाला तुमची उजवी कड आधी जायची. चोवीस वर्षं मी तुमचे टायर काढतोय, एकबी सरळ झिजल्याला बघितला न्हाई. आणि ह्यो सरळ झिजलाय. बावीस हजार पळाला, कारण मागं वजनच न्हवतं." त्यानं बोटं फडक्याला पुसली. "परवाच्या बाजाराला वैनी न्हवत्या, मारुतराव. दीड-दोन वर्सांत ह्या टायरावर त्या बसल्याच न्हाईत."

मला राग आला. माणसाच्या घरातलं टायरवरून वाचायचं म्हणजे काय? मी उठलो. पण जाणार कसा? गाडीचं मागचं चाक काढलेलं, गाडी लाकडाच्या ठोकळ्यावर. मी परत बाकड्यावर बसलो.

"एकोणीस म्हयनं झालं," मी म्हणालो. खोटं बोलायला जेवढं सोपं गेलं होतं तेवढं हे गेलं नाही.

दस्तगीरनं मान हलवली. "आणि मला तवाच कळाय पायजे हुतं. तुम्ही आला न्हवता काय, गाडी उजवीकडं वडती म्हणून?"

आलो होतो. शालन गेल्यावर पंधरा दिवसांनी. गाडी सरळ चालेना, सारखी रस्त्याच्या मधोमध जायला बघायची. एकदा तर समोरून आलेल्या टेम्पोवर गेलो असतो. दस्तगीरनं चाकाच्या तारा तपासल्या, बुश बघितलं, चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला होता, गाडीत काही नाही. मी त्यालाच शिव्या घातल्या होत्या. तुला नजर राहिली नाही म्हणालो होतो. पुढं महिन्याभरात ते आपोआप थांबलं आणि मी विसरून गेलो.

गाडी ओढत नव्हती. मीच कलत होतो. जी मागं बसलेली नव्हती तिचा तोल मी सांभाळत होतो, आणि चोवीस वर्षं सांभाळत आलो होतो हे मला त्या दिवशी, पंक्चरच्या दुकानात, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं. त्या बाकड्यावर बसून मला एकदम फार एकटं वाटलं. घरी रात्री वाटायचं त्याहून जास्त. मी उगाच खिशातून तंबाखूची पिशवी काढून परत ठेवली.

दस्तगीर आत जाऊन दोन नवे टायर घेऊन आला. एक माझ्या पायाशी टेकवून ठेवला, दुसरा त्याच्या.

"ह्यो चार प्लायचा, म्हंजे चार थरांचा. मऊ हाय, पकड चांगली, एकट्या माणसाला गाडी गादीसारखी चालंल. आणि ह्यो सहा प्लायचा. दोघं नि वर माल, ह्याच्याशिवाय चालायचं न्हाई. दोन्हीला बटण नक्षीच हाय, दोन्ही ह्याच सालचे. बोला, कुठला घालू?"

"नेहमीचा. सहाचा."

"आणि मागं कोण बसणार?"

"तुला काय करायचंय?"

"मलाच करायचंय. सहा प्लायचा घालून एकटं हिंडलासा तर कडक टायर हाडं खिळखिळी करील. पावसात मोकळी गाडी उडंल. मग यून मलाच शिव्या देशीला. मी चुकीचा टायर घालत न्हाई. आणि दोघांच्या गाडीला चारचा घातला तर आंबोलीच्या घाटात फुटंल. तेबी मी करत न्हाई. वैनी येणार हायत का न्हाईत, तेवढं सांगा."

"मला म्हाईत न्हाई."

"मग इचारा."

"असं कसं इचारायचं?"

"फोन न्हाई काय तुमच्याकडं?" असं म्हणून तो खाली बसला आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी ट्यूबला कानस मारायला लागला. माझं चाक तिथंच पडून.

मी दुकानामागच्या चिंचेखाली गेलो. दुपारचे अडीच वाजले होते. एकोणीस महिन्यांत फोन मी स्वतःहून कधी लावला नव्हता, आणि दुपारी तर आमच्यात फोन वाजतच नसे.

पहिल्याच रिंगला तिनं उचलला. "काय झालं? पडलासा काय कुठं?"

"न्हाई गं. बरा हाय मी."

"मग ह्या टायमाला?"

"टायर बदलायचाय."

"...मग बदला की."

"दस्तगीर इचारतोय, एकट्याचा घालू का दोघांचा."

पलीकडं मागं पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता आणि नातू काहीतरी आपटत होता.

"तुम्हास्नी कुठला पायजे?" तिनं विचारलं.

आता इथं मी नेहमीसारखं म्हणू शकलो असतो, तुला काय वाटतंय ते सांग. जिभेवर आलंही होतं. पण समोर दुकानाच्या भिंतीला तो जुना टायर टेकवून ठेवलेला दिसत होता, उजवी कड माझ्याकडं करून.

"मला दोघांचा पायजे," मी म्हणालो. "तू ये, शालन. मला करमत न्हाई. बाजारात कुणाशी बोलू वाटत न्हाई. गाडीवर मी मागं बघून बोलतोय, लोकांस्नी वाटतंय म्हातारा बिघडला. किती दिवस झालं, मी सगळ्यांस्नी खोटं सांगतोय तू येऊन गेलीस म्हणून."

ती रडते आहे हे मला थोड्या वेळानं कळलं. शालन आवाज न करता रडते.

"एवढं म्हणायला एकोणीस म्हयनं लागलं व्हय?" ती म्हणाली. "स्टँडवर म्हणालासा, माझं काय आडत न्हाई. मला वाटलं, खरंच आडत न्हाई. रोज फोन करते, तर तुमचं आपलं जेवलो, घेतली, संपलं. मला वाटलं, सुटलासा. हितं चौथ्या मजल्यावर कुणाशी बोलायचं मी? ही दोघं सकाळी जात्यात ती दिवा लावल्यावर येत्यात. पोराला बोलाय येत न्हाई अजून. मीबी भिंतीशीच बोलते की."

 मी म्हणालो, "मग येतीस?"

तेवढ्यात नातवानं काहीतरी पाडलं आणि रडायला लागला. "ठेवते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी दुकानात परत आलो. दस्तगीरनं वर बघितलं.

"काय म्हणाल्या?"

"कायबी बोलली न्हाई. फोन ठेवला."

"मग?"

"दोघांचा घाल."

त्यानं माझ्याकडं क्षणभर बघितलं, पण वाद घातला नाही. सहा प्लायचा टायर ओढला, कडेवरचे चार आकडे मोठ्यांदा वाचून दाखवले, आत पिवळ्या रंगानं आडनाव आणि मीटर लिहिलं, पट्टीनं टायर रिंगवर चढवला. हवा भरताना मात्र मध्येच पंप थांबवला. "कमीच ठेवलीय. एकटं हाईसा तवर आशीच चालवा, जरा मऊ लागंल. वैनी येतील त्या दिवशी या, पुरी भरून देतो."

त्या रात्री आठला फोन आला नाही. साडेआठला रणजितचा आला. आई दुपारपासून रडते आहे, काय झालं, असं विचारत होता. मी त्याला सगळं सांगितलं. पोराला मी असं काही सांगितल्याची ती पहिलीच वेळ. तो मग म्हणाला, "बाबा, आम्हाला वाटलं तुम्हाला दोघांनाही हे बरंच आहे." पाळणाघर बघायचं, बाळ तिथं रुळायला दोन-तीन महिने द्यायचे, मग आईला आणून सोडतो, असं ठरलं.

ते तीन महिने मी त्या टायरवर काढले. दस्तगीर खोटं बोलला नव्हता. कमी हवेवरही तो दगडासारखा लागायचा. हलकर्णीच्या रस्त्याला तर प्रत्येक खड्डा कमरेतून मानेपर्यंत यायचा, गोणीतले धणे उडायचे आणि घरी आल्यावर पाठीला बाम लावायला दुसरं कुणी नसल्यामुळं मी भिंतीला पाठ घासून घ्यायचो. बाजारात कुणी वहिनींबद्दल विचारलं तर मी खरं सांगायला लागलो होतो, पुण्याला आहे, येणार आहे. खरं सांगितल्यावर लोक जास्त प्रश्न विचारतात, हे मला नवीन होतं. शेजारचा कासार तर म्हणाला, "मग परवा येऊन गेल्या त्या कोण?" मी म्हणालो, "मीच."

माझा मुलावर विश्वास नव्हता असं नाही. पण पाळणाघरात पोर आजारी पडतं, सुनेची बदली होते, हजार गोष्टी होतात. रात्री मला वाटायचं, आपण मऊ टायर घ्यायला हवा होता. एकट्यानं जगायचं तर निदान पाठ तरी शाबूत राहिली असती.

शिमगा होऊन आठवडा झाला होता. सकाळी नऊ वाजता मी दस्तगीरच्या दुकानासमोर गाडी उभी केली.

"मागच्या चाकात हवा भर."

"किती?"

"दोघांची."

त्यानं नळी लावली, हवा भरली, अंगठ्यानं दाबून बघितली, आणि कधी नव्हे ते पुढच्या चाकालाही फडकं मारलं.

शालन स्टँडवर पिशवी घेऊन उभी होती. बारीक झाली होती. रणजित तिला सोडून पुढच्याच गाडीनं परत जाणार होता. ती नेहमीसारखी मागं बसली, दोन्ही पाय डावीकडं सोडून, पिशवी मांडीवर घेऊन. मी गाडी काढली आणि गाडी जी डावीकडं झुकली, ती एका रसवंतीच्या टेबलाला लागता लागता राहिली.

"काय ओ," ती मागून ओरडली, "गाडी चालवाय इसरलासा काय?"

"व्हय," मी म्हणालो.

कोपऱ्यापर्यंत मी तशीच वेडीवाकडी चालवली. मग अंग आपोआप उजवीकडं गेलं आणि गाडी सरळ झाली. पुढं खोबऱ्याचा भाव काय चाललाय, असं तिनं विचारलं. मी अर्धी मान मागं वळवून सांगितलं.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास दस्तगीरनं तो टायर उतरवला. आतला आकडा बघून बोटांवर वजाबाकी केली. साडेअकरा हजार. म्हणाला, "ह्यो लवकर गेला की ओ." नेहमीप्रमाणं मी भांडायला हवं होतं. मी नुसता हात पुढं केला आणि बघितलं.

उजवी कड साफ झाली होती.